गोड्या पाण्यातली तार

तापीच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि ते काय हे कळायला जरा वेळ लागला. पाण्याला वास नव्हता. खारा वास नाही, सुकतीला उघड्या पडलेल्या चिखलाचा नाही, वाळत घातलेल्या मासळीचा नाही. एवढं रुंद पाणी समोर, आणि डोळे मिटले तर शेजारी पाणी आहे हे कळूसुद्धा नये. माझा जन्म बंदरावर गेलेला. मला वाटलं, हे पाणी झोपलेलं आहे, मोठ्याने बोलू नये.

ही साठ सालानंतरची गोष्ट. आज त्या मुलखाला नंदुरबार जिल्हा म्हणतात, तेव्हा तो धुळे जिल्ह्यात मोडत असे. नदीच्या तळाची मोजणी करायला आमची सरकारी तुकडी तिथे गेली होती, आणि त्या तुकडीत मी वायरमन होतो. वायरमन हा शब्द मी त्या दिवसांत स्वतःशीच म्हणून पाहायचो. त्यावर माझा अजून विश्वास बसला नव्हता. माझी शाळा सातवीत सुटली. वडिलांचा उजवा हात शिडाच्या दोरात सापडून कामातून गेला, आणि घरात कमावता म्हणून मीच उरलो. बंदरावर मासेमारीच्या होड्यांना तेव्हा नुकती इंजिनं बसू लागली होती. त्यांचं विजेचं काम एक उस्ताद करत, त्यांच्या हाताखाली मी लागलो. दिवे, भोंगा, बॅटरी. उस्ताद शिकवायचे थोडं आणि ओरडायचे पुष्कळ, पण हात बसला.

आमची खाडी मोजायला एक इंजिनियर साहेब आले होते. त्यांच्या लाँचचे दिवे मी दुरुस्त केले, तेवढी आमची ओळख. जाताना ते म्हणाले, "माझ्याबरोबर येतोस का? लांब जायचंय, खानदेशात."

मी म्हटलं, "साहेब, माझ्याकडे सर्टिफिकेट नाही."

"ते मी विचारलं नाही. येतोस का विचारलं."

मी गेलो. पण कचेरीने ते विचारलंच. बिनपरवान्याचा माणूस घेता कसा, म्हणून मुख्य कचेरीतून त्यांना बोल आला. साहेबांनी उलट कळवलं की हा माणूस माझ्या जबाबदारीवर आहे, याने बसवलेलं यंत्र चाललं नाही तर दोष माझा. हे मला त्यांनी सांगितलं नाही. जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. आपल्यासाठी कुणी शब्द टाकावा याची मला सवय नव्हती. उपकार वाटायचे आणि त्याच्या दुप्पट भीती.

नंदुरबार स्टेशनावर उतरलो तेव्हा मिरच्या वाळायचे दिवस होते. गावाबाहेर नजर जाईल तिथवर जमीन लाल. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

साहेब म्हणाले, "काय रे, घर आठवलं?"

"नाही साहेब, ठसका," म्हटलं, आणि ते बराच वेळ हसले. खरं तर दोन्ही होतं.

नदीकाठच्या एका गावात आमचा मुक्काम पडला. साहेबांचा तंबू चिंचेखाली आणि मी एका गुजर शेतकऱ्याच्या ओसरीवर. कापूस, केळी, ऊस असं भरलेलं घर. घरच्या कर्त्या बाईंना सगळे 'बा' म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीवर ठेचा वाढला. मी समुद्रावरचा तिखट खाणारा, ऐटीत मोठा घास घेतला आणि पाण्याच्या तांब्याकडे धावलो. बांनी ताक आणून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात भाकरीशेजारी मूठभर भात असायचा. आमच्याकडची माणसं भात खातात हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. परक्या ठिकाणी त्या मूठभर भाताने माझ्यावर जे केलं ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहितो आहे.

गावात मला विचारत, "कोठला तू?"

"कोकणातला."

"म्हनजे नवापूरकडला?" तिकडच्या डोंगरात कोकणी नावाचे लोक राहतात, त्यांना वाटे मी त्यांच्यातला. समुद्रावरचा म्हटलं की मात्र माझ्याकडे चंद्रावरून आलेल्यासारखं पाहत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी तोवर गोड्या पाण्याची एवढी मोठी नदी पाहिलेली नव्हती. फिटंफाट.

यंत्र आलं ते पेंढ्यात गुंडाळून, लाकडी पेटीतून. करड्या रंगाचा लोखंडी डबा, पुढे काचेचं दार, आत कागदाची गुंडाळी. कागदावरून एक बारीक सुई फिरायची. दुसरी वस्तू म्हणजे जाड तबकडी. ती लोखंडी नळीच्या टोकाला बसवून होडीच्या कडेने पाण्याखाली सोडायची. तबकडी खाली आवाज सोडते, तो आवाज तळाला आपटून परत येतो, आणि परत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्या खोलीवर सुई कागद जाळून खूण करते. साहेबांनी मला हे तंबूसमोर पाटावर बसून समजावलं. मी विचारलं, "साहेब, आवाज आपल्याला ऐकू येतो?"

"नाही. आपल्या कानापलीकडचा असतो."

मी मान हलवली, पण अंगावर काटा आला. माझे वडील शिशाचा गोळा दोरीला बांधून खोली बघायचे. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. वर ओढला की तिला तळाची वाळू नाहीतर चिखल चिकटून येई. वडील तो बोटावर घेऊन वास घेत आणि सांगत, आपण अमुक खडकाच्या दक्षिणेला आहोत. तळाशी आमचं नातं एवढंच. चिमूटभर. आणि हा डबा म्हणे सगळा तळ सलग काढून दाखवणार होता.

यंत्र एकच होतं, आणि वर्‍हाडाकडची दुसरी तुकडी त्याची वाट पाहत होती. मुख्य कचेरीतले मोठे साहेब स्वतः यायचे होते. त्यांच्यासमोर यंत्र चाललं तर ते आमच्याकडे राहणार आणि मीही राहणार. नाही चाललं तर यंत्र त्यांच्या गाडीतून परत जाणार, साहेबांचा शब्द त्याच्याबरोबर जाणार, आणि मी दुसऱ्या दिशेच्या गाडीत. इतकं सरळ होतं.

होडी आम्ही भाड्याने घेतली होती, गावच्या उतारावर लोकांना पैलतीरी नेणारी. बैलगाडीसुद्धा चढेल अशी रुंद, सपाट बुडाची नाव. तिचा नावाडी पन्नाशीचा, काटक, तोंडाने तिखट. सगळे त्याला आप्पा म्हणत. मी नावेवर पाय ठेवला तसा म्हणाला, "तू समिंदरना माणूस, आठे नदीमा काय करी ऱ्हायना?"

"नदीचा तळ बघायला आलोय, आप्पा."

"सगळीकडे दख. पन देवळाखालना डोहले तळ नही शे." त्याने गावाच्या वरच्या अंगाला हात केला. तिथे काठावर जुनं देऊळ आणि दगडी घाट होता. "मन्हा बाप सांगे, सात खाटना दोर जोडीसन सोडा, तरी तळ लागस नही."

त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे. मासे देवाचे. बायका घाटावरून पिठाच्या गोळ्या टाकत आणि पाणी उकळल्यासारखं होई. ते मी लांबून पाहिलं होतं.

आधी मी यंत्र ओसरीवर जोडून पाहिलं. बॅटरी शेजारी, तारा आखूड. बटण दाबलं आणि सुई घर्रकन फिरू लागली. काचेतला दिवा लखलखीत. घरातली सगळी पोरं, बा, गडीमाणसं जमली. मी अशा थाटात बंद केलं, जणू रोजचंच आहे.

मग नावेवर चढवलं. मागच्या टोकाला कचेरीचं छोटं पेट्रोलचं इंजिन टांगलेलं, बॅटरी त्याच्याजवळ ठेवली. यंत्र पुढे, गवताच्या छपराखाली. बॅटरीतल्या ॲसिडची वाफ त्याला लागू नये म्हणून साहेबांनी दोन्ही लांब लांब ठेवायला सांगितलं होतं. नाव लांबलचक. आमच्याकडे तार बेताची. पण त्याची मला काळजी नव्हती, कारण एवढं काम मला झोपेतही आलं असतं. बंदरावर आम्ही सगळ्या होड्यांना असंच करत होतो. बॅटरीच्या प्लसची तार तेवढी पुढे न्यायची. मायनसची न्यायची नाही. बॅटरीचा मायनस मागे तांब्याच्या पट्टीला जोडून पट्टी बुडाखाली पाण्यात, दिव्याचा मायनस पुढे दुसऱ्या पट्टीला, तीही पाण्यात. मधली दुसरी तार म्हणजे समुद्र. उस्तादांनी पहिल्याच दिवशी मला दाखवलं होतं. बादलीत समुद्राचं पाणी, त्यात दोन पट्ट्या, आणि दिवा लागला. "बघ, फुकटची तार," म्हणाले होते, "दर्याने दिलेली." त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, एवढा भारावलो होतो.

मी तापीत दोन पट्ट्या सोडल्या. जोड घासून लख्ख केले, आवळले, वर मेण लावलं. तबकडीची नळी कडेला घट्ट बांधली. बटण दाबलं.

सुई फिरली नाही. थोडीशी थरथरली, हुं केलं आणि थांबली. काचेतला दिवा विझत्या विडीसारखा.

त्या दिवसाचं काय सांगू. मी मीटर लावला, काटा पूर्ण वर. बटण दाबलं की काटा खाली. म्हटलं बॅटरी मेली. जीपची बॅटरी काढून आणली. तेच. सगळे जोड पुन्हा उघडले, पुन्हा घासले. तेच. यंत्र उचलून ओसरीवर नेलं, आखूड तारांनी जोडलं, तर छान घर्र. पुन्हा नावेवर, पुन्हा मुकं. मी आणि जीपचा ड्रायव्हर तो डबा घेऊन उतारावरचा घाट चढत होतो, उतरत होतो, आणि पोरं आमच्यामागे वरातीसारखी.

आप्पा नावेच्या कडेला बसून बघत होता. "काठवर शहाणं, पानीमा येडं," तो म्हणाला. "भाऊ, तुन्हा मशीनले पानीनी भीती वाटस."

"आप्पा, थट्टा नको."

"थट्टा नही. मन्हा मेहुणाबी तसाच शे. काठवर इतला बोलस, नावमा बठा की मुका."

साहेब येऊन बघून गेले. प्रत्येक जोडावर बोट ठेवून विचारलं. "अर्थिंग नीट आहे ना?"

"हो साहेब. तांब्याच्या पट्ट्या. बंदरावर असतात तशाच."

त्यांनी मान डोलावली. आमच्या बंदरावर ते अशाच लाँचवर बसले होते, त्यांनाही ते बरोबरच वाटलं. मग म्हणाले, "मोठे साहेब उद्या सकाळी येतायत." आवाज चढवला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते काठावर गेले आणि पाठमोरे उभे राहिले, हात मागे बांधून. त्या हातांकडे मी बघत राहिलो. आपण या माणसाचं तोंड काळं करणार, एवढंच डोक्यात. आई काय म्हणेल, वडील त्यांचा मोडका हात मांडीवर ठेवून काय विचारतील, तेही. पण आधी ते हात.

दुपार झाली. उन्हाने नाव तापली. बांकडून आलेली भाकरी मी नावेवरच खाल्ली. ठेचा होताच. तोंड पेटलं आणि माझा पाण्याचा तांब्या काठावर राहिलेला. मी उठू लागलो तसा आप्पा म्हणाला, "कोठे चालला?"

"पाणी प्यायला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वाकला, नावेच्या कडेवरून ओंजळ भरली आणि प्यायला. "हाई काय शे मंग? पी ना. डोकं थंड व्हई."

तुम्हाला हसू येईल, पण माझा हात जाईना. होडीच्या कडेवरून ओंजळ भरायची नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं असतं. लहान असताना एकदा तहानेने मी तसं केलं होतं तर वडिलांनी फाडकन मुस्काटात मारली होती, आणि मग छातीशी धरलं होतं. समुद्रातली तहान माणसाला फसवते. इतके दिवस मी या नदीवर होतो, पण पाणी प्यायचो ते माठातलं, काठावर, जमिनीवर उभा राहून. मी वाकलो. हात बुडवला. ओठाला लावताना डोळे मिटले.

गोड होतं.

म्हणजे ते गोड असणार हे मला माहीत होतंच. माठात तेच पाणी येत होतं. पण नावेत बसून, जे पाणी नाव तोलून धरतंय तेच पिणं, हे अंगाला नवीन होतं. किती विचित्र आणि किती मोठी गोष्ट, माणसं पिण्याच्या पाण्यावर नाव चालवतात! मी आणखी एक ओंजळ घेतली. जिभेवर मिठाचा कणही नाही. मिठाचा कणही...

ओंजळ तशीच राहिली.

उस्तादांची बादली डोळ्यांसमोर आली. खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्यात पट्ट्या टाकून आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बंदरावर गोडं पाणी बायका टेकडीमागच्या विहिरीवरून डोक्यावरून आणत. ते अशा खेळात कोण घालवणार?

"आप्पा, बादली आहे?"

"पानी उपसानी शे. कशाले?"

मी बादलीत तापीचं पाणी घेतलं. पट्ट्या वर ओढून त्यात उभ्या केल्या, बॅटरी आणि मोटारीचा एक दिवा जोडला. दिवा लागला नाही. अगदी हाताचा आडोसा करून पाहिलं तरी नाही. "मीठ आहे का?"

आप्पाने कमरेची पुरचुंडी सोडली. भाकरीबरोबर खायला खडेमीठ असायचं त्याच्याकडे. मी मूठभर घेतलं आणि बादलीत टाकून ढवळलं. दिव्याच्या पोटात आधी लालसर धागा दिसला. मग तो केशरी झाला. आणखी टाकलं, आणखी ढवळलं. दिवा पिवळा झाला, भर उन्हात दिसेल एवढा.

आप्पा दोन पावलं मागे सरला. "हाई काय करं तू? बादलीमा समिंदर करा का?"

मी हसत होतो की रडत होतो कुणास ठाऊक. "साहेब!" एवढंच ओरडलो. साहेब पळत आले, चपला काठावरच टाकून पाण्यातून. बादली पाहिली, दिवा पाहिला, पुरचुंडी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"मीठ!" ते म्हणाले. "अरे देवा. मीसुद्धा... विजेला पाण्यातून न्यायला मीठ लागतं. नुसत्या पाण्याला ते ओझं झेपत नाही."

"साहेब, मी समुद्र गृहीत धरला."

"मीही धरला," ते म्हणाले. मग हसू लागले. "आता सगळ्या नदीत मीठ टाकायला सरकार मंजुरी द्यायचं नाही. दुसरी तार टाक."

तार शिल्लक नव्हती. तंबूतल्या दिव्याची काढली. बारीक होती म्हणून दुहेरी करून पिळली. नावेच्या आतल्या कडेने खिळ्याखिळ्याला बांधत मागून पुढे नेली. साहेब स्वतः टोक धरून बसले होते. आप्पा गप्प बसला होता, ही त्या दिवसातली दुसरी नवलाची गोष्ट.

बटण दाबलं. दिवा लखलखला. सुई घर्रकन निघाली.

"चल," साहेब म्हणाले. "आधी देवळाखाली."

आप्पाने पाहिलं त्यांच्याकडे, माझ्याकडे, मग देवळाकडे. डोहात नाव घालताना त्याने ओंजळभर पाणी घेऊन परत नदीत सोडलं आणि काहीतरी पुटपुटला. नाव ढकलायचा बांबू आडवा ठेवला. इंजिन अगदी हळू.

सुरुवातीला कागदावर वरच्या कडेला नुसती एक काळी रेघ होती, उथळ, वाळूचा काठ. जळक्या कागदाचा बारीक वास येत होता. मग ती रेघ कलली. उतरू लागली. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली संपल्या ते दिसलं, एकेक पायरी. पायऱ्यांच्या खाली खडक, खडकाखाली रेघ सरळ तुटल्यासारखी खाली गेली, खाली, आणखी खाली, आणि कागदाच्या खालच्या कडेपाशी दिसेनाशी झाली.

"दखं?" आप्पा हळूच म्हणाला. "मी सांगं व्हतं."

साहेबांनी एक खटका फिरवला, यंत्राचं माप बदललं. आणि तिथे तो होता. तळ. काळा, जाड, शांत. त्याच्यावर कधी ऊन पडलं नसेल, कुणाची नजर पोचली नसेल, आणि तो माझ्या गुडघ्याशी, कागदावर, हळूहळू सरकत होता. एका जागी मोठा दगड होता, रेघेत टेकाडासारखा. एका जागी खळगा. वडिलांचा शिशाचा गोळा आयुष्यभर टाकला असता तरी इतकं हाती लागलं नसतं. मला वाटलं, आपण कुणाच्यातरी घरात न विचारता शिरलो आहोत. मी पायातल्या चपला काढल्या. का काढल्या ते सांगता येणार नाही.

"हाई काय शे?" आप्पाचं बोट काचेवर आलं. रेघेच्या बऱ्याच वर, मोकळ्या पांढऱ्या कागदावर, छोट्या छोट्या काळ्या कमानी उमटत होत्या. नखाच्या चंद्रकोरीसारख्या. एक, मग तीन, मग पुष्कळ.

साहेब म्हणाले, "मासे."

आप्पाने नावेबाहेर वाकून पाण्यात पाहिलं. पाणी हिरवं, गप्प, काहीसुद्धा दिसत नव्हतं. परत कागदाकडे पाहिलं. एक कमान भलीमोठी उमटली, तळाच्या जवळ, एकटीच.

"हाऊ..." तो म्हणाला आणि थांबला. दोन्ही हात जोडले गेले त्याचे. मग इतक्या हळू बोलला की इंजिनाच्या आवाजात मला त्याच्या ओठांवरून समजलं. "तळ शे. बापले दखाडाले पाहिजे व्हतं."

मला माझे वडील आठवले. तेही असेच हात जोडून बसले असते, एक चांगला आणि एक मोडका.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. इस्त्रीचे कपडे, गॉगल. घाटावर उभ्या उभ्याच त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं, "तो बिनसर्टिफिकेटचा मुलगा हाच?"

"हाच आमचा वायरमन," साहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कितवी झालीय?"

"सातवी अर्धवट, साहेब."

"हं. बघू." ते नावेत बसले. आप्पाने आधीच ठरवल्यासारखी नाव देवळाकडे घातली. रेघ उतरू लागली तसे ते पुढे सरकले. पायऱ्या दिसल्या तेव्हा गॉगल काढला. तळ लागला तेव्हा त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, आणि कमानी उमटू लागल्या तेव्हा हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून एखाद्या पोरासारखे काचेला नाक लावून बसले. नाव घाटावर परत आली. उतरताना त्यांना एकदम आठवल्यासारखं झालं. नावेच्या आतल्या कडेने गेलेली दुहेरी पिळलेली तार त्यांनी बोटाने चाचपली.

"ही दोन तारांची भानगड कशाला? बाकीच्या लाँचवर तर एकच असते."

आमचे साहेब काही बोलायच्या आत मी म्हटलं, "साहेब, हे पाणी गोड आहे."

त्यांनी नावेच्या कडेवरून हात पाण्यात बुडवला, आणि बोटं ओठाला लावली. मान डोलावली. आमच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "यंत्र राहू दे इथेच. आणि हाही राहू दे."

मोठ्या साहेबांची जीप धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी घाटावर उभा होतो. साहेब शेजारी होते. त्यांचे हात आज मागे बांधलेले नव्हते. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उठवलं. "ते राहू दे. आधी तंबूतल्या दिव्याचं बघ. काल कंदिलाने माझी मिशी जळता जळता राहिली."

आप्पा नावेत पाणी उपसत होता. तिथूनच ओरडला, "काय मंग, समिंदर? घर चालला का ऱ्हाशी आठे?"

"ऱ्हासू, आप्पा," मी म्हटलं. त्याची बोली माझ्या तोंडात पहिल्यांदा आली, आणि मोडकीतोडकी असली तरी तो तिला हसला नाही. त्याने बादली बाजूला ठेवली, कडेवरून ओंजळ भरून माझ्यापुढे धरली, आणि मी नावेत उतरून ती प्यायलो.